पाणी सोडणाऱ्यांची संघटना असते का?

प्रश्न : शिक्षक, तलाठी, वकील, औषधविक्रेते या सगळ्यांच्या संघटना आहेत. रात्री-अपरात्री गावाला पाणी सोडणारा कर्मचारी, फिल्टरवरचा ऑपरेटर, नळयोजनेचा इंजिनिअर यांचीही एखादी संघटना आहे का? ती कधी निघाली? आणि बीडसारख्या जिल्ह्याला तिचा उपयोग काय? (एक वाचक, केज तालुका)

उत्तर : आहे. पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांची देशपातळीवरची व्यावसायिक संस्था म्हणजे ‘इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन’. तिची स्थापना १९६८ची, मुख्यालय मुंबईत. मुंबई तिला शोभणारीच जागा होती. विहार तलावाचे पाणी १८६०च्या सुमारास शहरात आले, मग १८७९मध्ये तुळशी आणि १८९२मध्ये तानसा. शंभर वर्षे लांबून पाणी आणायचे, गाळायचे आणि लाखो घरांत पोचवायचे, असा अनुभव देशात फार थोड्या शहरांच्या गाठीशी होता. आज संस्थेची केंद्रे देशभर आहेत. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला तिचे केंद्र आहे.

कल्पना मात्र त्याहून जुनी. २९ मार्च १८८१ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात सहा राज्यांतल्या पाणीपुरवठा संस्थांचे २२ जण जमले आणि त्यांनी ‘अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन’ काढली. पगारवाढ हा तिचा विषय नव्हता. एकाला आलेला अनुभव दुसऱ्याला कळावा, कामात काटकसर आणि सारखेपणा यावा, यासाठी ती होती. या व्यवसायात हे जमते, कारण इथे स्पर्धा नाही. बीडचे नळ सांगलीचे गिऱ्हाईक पळवत नाहीत. एका गावाने शोधलेली युक्ती दुसऱ्या गावाला सांगितली तर कुणाचेच नुकसान होत नाही, हजारो माणसांची तब्येत मात्र वाचते.

प्रश्न : पण अशा संस्थेतून प्रत्यक्षात निघते काय? परिषदा आणि भाषणेच ना?

उत्तर : एक उदाहरण देतो. पाणी गाळायच्या टाकीत वाळूचा थर असतो. नुसती बारीक वाळू असली की गाळ वरच्या वर अडकतो आणि फिल्टर लवकर तुंबतो. त्यावर उपाय म्हणजे वाळूवर जाडसर पण हलक्या पदार्थाचा थर द्यायचा. हलकाच का, तर फिल्टर धुताना खालून जोरात पाणी सोडतात, सगळे थर वर उचलले जातात. पाणी थांबले की जड वाळू आधी खाली बसते आणि हलका थर पुन्हा वर राहतो. परदेशात यासाठी अँथ्रासाइट कोळसा वापरत. महाराष्ट्रातले अभियंते जे. एन. कर्डिले यांनी त्याऐवजी नारळाच्या करवंट्यांचा चुरा वापरून पाहिला. तो चालला. हे काम १९७२मध्ये याच असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले. नागपूरजवळच्या रामटेकच्या साध्या, कमी खर्चाच्या शुद्धीकरण केंद्रात करवंटीचा थर वापरला गेला. लहान गावाला परवडेल असे ज्ञान एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला अशी छापील वाट लागते.

मराठवाड्याचाही यात वाटा आहे. सत्तरच्या आसपास ओतीव लोखंडाचे हातपंप पटापट मोडत. जालना आणि सोलापूर इथे बोअरवेलचे काम करणाऱ्यांनी जाड पोलादाचे, दणकट पंप घडवले. त्याच अनुभवावर पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा पंप उभा राहिला आणि जगभर गेला.

प्रश्न : हे सगळे इंजिनिअर लोकांचे झाले. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचे काय?

उत्तर : इथेच खरी मेख आहे. गावच्या नळयोजनेवरचा माणूस हा ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी. शिपाई, सफाई कामगार, दिवाबत्तीवाला यांच्याबरोबर तो ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या कामगार संघटनांत असतो. या संघटनांनी किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन यांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. गावाची करवसुली कमी म्हणून कर्मचाऱ्याच्या पगाराचे शासकीय अनुदान कमी, ही अट काढा, ही त्यांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. गावाने पट्टी थकवली तर त्याची शिक्षा पाणी सोडणाऱ्याच्या चुलीला का?

म्हणजे एका बाजूला ज्ञानाची संस्था आणि दुसऱ्या बाजूला हक्काची संघटना. पहिलीत बहुतेक इंजिनिअर आणि तज्ज्ञ, दुसरीत कर्मचारी. दोघांची गाठ क्वचितच पडते.

प्रश्न : मग बीड जिल्ह्याने काय करावे?

उत्तर : बीडला या दोन्हींची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. धनेगावचे मांजरा धरण केज तालुक्यात. त्यावर केज, अंबाजोगाई आणि थेट लातूर शहर अवलंबून. ते आटले तेव्हा एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागात नळाला रोज पाणी येत नाही आणि तिथेच कर्मचाऱ्याचे काम अवघड होते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि जिथे गळती आहे तिथून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून आधी गळती काढायची, सुरुवातीचे गढूळ पाणी सोडून द्यायचे आणि मग क्लोरीन तपासायचा.

क्लोरीन घालण्याचा साधारण हिशेब असा : १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. हा हिशेब ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा. पोते उन्हात किंवा ओलीत उघडे राहिले की क्लोरीन उडून जातो आणि तेवढीच पावडर टाकूनही पाणी अशुद्धच राहते. खात्री करायची ती शेवटच्या घराच्या नळावर ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करून. नमुना पिवळा झाला तर क्लोरीन आहे. तो किमान ०.२ पीपीएम हवा. गावाची कावीळ, गॅस्ट्रो, हगवण या पाच मिनिटांच्या कामावर अडलेली असते. ते करणाऱ्याला कुणी नीट शिकवले आहे का, हे आपण कधी विचारतही नाही.

जलजीवन मिशनने २०१९पासून घरोघरी नळ जोडायचे काम हाती घेतले. आता नळ चालू ठेवणारी माणसे घडवायला हवीत. इंजिनिअरांच्या संस्थेने आपले ज्ञान मराठीत, तालुक्याच्या ठिकाणी येऊन, हात धरून शिकवावे. कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पगारासोबत प्रशिक्षण आणि क्लोरीन हाताळताना लागणारे हातमोजे व मास्कही मागावेत.

वाचकांनीही एक करावे. पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा : ओटी टेस्टची नोंदवही कुठे आहे, आपल्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, आणि त्याला शेवटचे प्रशिक्षण कधी मिळाले. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याच्या हातचे पाणी आपण सगळे पितो, त्याच्यासाठी एवढे विचारणे आपले कर्तव्य आहे.