तारा काढायच्या आधी

अगं, टॅपिंगचं, म्हणजे बोटांनी थोपटून भीती घालवायचं, आधी मला विचारलंस ते बरं केलंस. नाहीतर कुठल्या तरी व्हिडिओत बघून लेकराच्या कपाळावर टकटक करत बसली असतीस. कोपराचं हाड मोडलं, ऑपरेशन करून तारा घातल्या, प्लास्टर झालं, इथवर पोरानं निभावलं. आता तारा काढायची तारीख जवळ आली आणि तो रात्री दचकून उठतोय, दवाखान्याचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतोय. सात वर्षांचं पोर ते. घाबरणारच.

करायचं कसं ते सांगते. रात्रीचं जेवण झालं की टीव्ही बंद कर आणि त्याच्या शेजारी बस. पहिल्यांदा विचार, "भीती केवढी?" मोठ्या माणसांना शून्य ते दहा आकड्यांत विचारतात. त्याला मात्र चांगल्या हातानं दाखवू दे, घोट्याएवढी की गुडघ्याएवढी की डोक्याच्याही वर. मग त्याच्या मोकळ्या तळहाताची करंगळीकडची कड दोन बोटांनी हलकेच थोपटत राहा आणि त्याच्याकडून त्याच्याच शब्दांत म्हणवून घे, "मला त्या तारांची भीती वाटते, तरी मी आहे तसा चांगलाच आहे." शब्द इकडचे तिकडे झाले तरी चालतील. "मला त्या डॉक्टरांचा राग येतो" म्हणाला तर तेही म्हणू दे. त्याला गप्प करू नकोस.

मग वरून खाली ये. भुवईचं नाकाकडचं टोक, डोळ्याच्या कडेचं हाड, डोळ्याखालचं हाड, नाक आणि ओठ यांच्या मधली जागा, हनुवटीची खळगी, गळ्याखालचं हाड, काखेच्या चार बोटं खाली आणि शेवटी टाळू. प्रत्येक ठिकाणी पाच-सात वेळा, अगदी हलक्या बोटानं. प्रत्येक जागी भीतीचा एखादा शब्द, "तारा", "दुखेल", "रक्त येईल". एक फेरी झाली की पुन्हा विचार, आता केवढी? डोक्याएवढी होती ती कमरेपर्यंत उतरली तरी पुष्कळ झालं. आणि त्याला अंगाला हात लावून घ्यायचा नसेल, तर त्याच्या खेळण्यातल्या अस्वलाला थोपटा दोघं मिळून.

हसू नकोस, अस्वलाचं मी खरंच सांगतेय, का ते ऐक. ही पद्धत निघाली अमेरिकेत. रॉजर कॅलहन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या सुमारास पाण्याला घाबरणाऱ्या एका बाईला डोळ्याखाली थोपटायला लावलं, तिथून या पद्धतीची सुरुवात झाली. पुढे गॅरी क्रेग या त्याच्या शिष्यानं ती सोपी करून जगभर पसरवली. शिक्षणानं तो इंजिनिअर. दोघांचं म्हणणं असं की शरीरात ऊर्जेच्या वाटा असतात, त्या तुंबतात आणि थोपटल्यानं मोकळ्या होतात. त्या वाटा आजवर कुणाला सापडलेल्या नाहीत. २००३ साली कॅनडातल्या वेट आणि होल्डर या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी ठरलेल्या जागी थोपटलं, काहींनी हातावर भलत्याच ठिकाणी आणि काहींनी चक्क बाहुलीला. तिन्ही गटांची भीती कमी झाली. म्हणून म्हणते, बोट इकडे पडलं की तिकडे याचा घोर लावून घेऊ नकोस. टॅपिंगनं चिंता कमी होते असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण त्यातला गुण त्या बिंदूंचा असेल असं मला वाटत नाही. भीती तोंडानं बोलायला मिळते, हाताला चाळा मिळतो, आणि आई घाई न करता शेजारी बसते. आपली आजी नातवंडांना थोपटून निजवायची, तिला कुठे बिंदू ठाऊक होते?

म्हणून आधी तू स्वतःवर कर. त्याच्याजवळ जाण्यापूर्वी स्वयंपाकघरात उभी राहून दोन फेऱ्या कर. तुझा श्वास वर लागलेला असला की पोराला तो बरोबर कळतो.

एक बजावून सांगते, "काही दुखणार नाही" असं त्याला कधीच म्हणू नकोस. थोडं दुखेल, थोडा वेळ दुखेल, आणि मी तिथंच असेन, असं सांग. तारा काढताना तुला त्याच्याजवळ बसू देतील का, दुखू नये म्हणून काय देतील, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. तारा निघताना त्याच्याशी गप्पा मार, गोष्ट सांग, फुगे फुगवल्यासारखा लांब श्वास सोडायला लाव. टॅपिंग दवाखान्यात जमलं तर जमलं. त्याचा खरा उपयोग आदल्या रात्री.

खरी कसोटी पुढे आहे. प्लास्टर निघालं की कोपर आखडलेलं असेल, आणि दुखेल या भीतीनं तो हात पोटाशी धरून बसेल. तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणेलच, तेल लावून चोळा, ओढून सरळ करा, अमक्या गावचा हाड बसवणारा चांगला आहे. अजिबात ऐकायचं नाही. मोडलेलं कोपर चोळलं, जबरदस्तीनं ताणलं, तर भोवतालच्या स्नायूत हाड तयार होऊ शकतं आणि मग हात कायमचा अडकू शकतो. सासूबाई रागावल्या तर रागावू देत. लहान मुलांचं कोपर बहुधा त्यांच्याच हालचालीनं हळूहळू सुटतं, त्याला महिने लागतात. टॅपिंग इथं कामाला येईल ते भीतीसाठी. थोपटून झालं की डॉक्टरांनी सांगितलेली हालचाल त्याची त्यानं करायची, जेवढी होईल तेवढी. दुखऱ्या कोपरावर मात्र बोटसुद्धा ठेवू नकोस.

आणि प्लास्टर असेपर्यंत रोज त्याची बोटं बघत जा. बोटं निळी किंवा पांढरी पडली, गार लागली, मुंग्या आल्या, बोटं सरळ करताना तो किंचाळला किंवा औषध देऊनही कळ वाढतच गेली, तर थोपटत बसायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं, हाताचा रक्तपुरवठा अडला तर उशिराला माफी नसते.

तारा निघून महिना उलटला तरी दचकणं थांबलं नाही, शाळेत जाईना, अंथरूण ओलं करायला लागला, तर मुलांच्या मानसतज्ज्ञांकडे ने. कुणाकडे जावं सुचलं नाही तर सरकारच्या टेलि-मानसला फोन कर, १४४१६. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात.