एक तार आणि चाळीस घरे

रात्री नऊच्या सुमारास घरचे इंटरनेट मंदावते, हा अनुभव तुम्हाला असेलच. पान उघडता उघडत नाही आणि परगावच्या ताईशी चाललेले व्हिडिओवरचे बोलणे मध्येच गोठते. घरातले लगेच म्हणतात, ‘केबलवाल्याची लाइन खराब आहे.’ पुष्कळदा लाइन ठीक असते. दोष असतो तो रांगेचा. ही रांग कशी लागते आणि लहान नेटवाला ती कशी लावू शकतो, हे आज आपण पाहू.

प्रथम थोडा हिशेब करू. गावातला लहान नेटवाला मोठ्या कंपनीकडून वहनक्षमता ठोक विकत घेतो आणि ती घरोघरी किरकोळीने विकतो. समजा, त्याने सेकंदाला १०० मेगाबिट घेतले आणि ४० घरांना प्रत्येकी ‘६० मेगाबिटपर्यंत’ देऊ असे सांगितले. चाळीस साठे चोवीसशे! मग ही फसवणूक म्हणायची काय? तशी ती नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग या गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनसंबंधी असाच प्रश्न हाती घेतला होता. सगळे ग्राहक एकाच क्षणी फोन उचलत नाहीत, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी तार लागत नाही. किती तारा पुरतील हे संभाव्यतेच्या गणिताने काढता येते. इंटरनेटवर वाचणाऱ्याचेही तसेच आहे. पान दोन सेकंदांत येते, आणि ते वाचण्यात मिनिटभर जाते. त्या मिनिटात तार दुसऱ्यांसाठी मोकळी असते.

हा हिशेब फाइलींच्या देवाणघेवाणीने बिघडवला. २००१ साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने बिटटोरंट ही पद्धत तयार केली. तिच्यात फाइलीचे लहान लहान तुकडे करतात. ज्याला एखादा तुकडा मिळाला, तो लगेच इतरांना तो देऊ लागतो. त्यामुळे एका कोठारावर भार पडत नाही. कल्पना मोठी सुंदर आहे, आणि टोरंट म्हणजे चोरीच असे मुळीच नव्हे; लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली कित्येक जण याच मार्गाने उतरवून घेतात. पण हा प्रोग्राम वाचत बसत नाही. तो रात्रभर घेतही राहतो आणि देतही राहतो. एरलांगच्या हिशेबातली विश्रांतीच नाहीशी होते.

याहून खोल कारण आणखी एक आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधल्या जेमतेम ४०० यार्डांच्या मार्गावर दळणवळण सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकदम ४० बिटांवर आले. रांग तुंबली की पॅकेटे गळत, गळाली की सगळे संगणक ती पुन्हा पाठवत, आणि तुंबारा वाढतच जाई. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने यावरचा उपाय १९८८ साली मांडला. पॅकेट गळाले म्हणजे गर्दी झाली असे समजावे आणि आपला वेग एकदम कमी करावा. गळत नसेल तर तो हळूहळू वाढवावा. अशा शिस्तीने एका अरुंद मार्गावरच्या सगळ्या जोडण्यांना, अंतरे सारखी धरली तर, जवळजवळ समान वाटा मिळतो.

येथे नीट लक्ष द्या. समान वाटा मिळतो तो जोडण्यांना. माणसांची गणती येथे कोणीच करत नाही. आपल्या उदाहरणात ३९ घरे एकेका जोडणीने काही उतरवत आहेत आणि चाळिसाव्या घरात टोरंटने ४० जोडण्या उघडल्या आहेत. एकूण ७९ जोडण्या झाल्या. १०० ला ७९ ने भागले की जोडणीमागे सुमारे १.२७ मेगाबिट येतात. म्हणजे ३९ घरांना प्रत्येकी १.२७, आणि चाळिसाव्या घराला एकट्याला जवळजवळ ५१! त्या घराने कोणताही नियम मोडलेला नाही. नियमच जोडण्या मोजणारा आहे.

ज्यांच्याकडे तारेऐवजी छपरावरच्या अँटेनातून नेट येते, त्यांची गोष्ट आणखी निराळी. तेथे वाटली जाते ती वेळ. मनोऱ्याजवळच्या घराला रेडिओ सेकंदाला ६० मेगाबिट देऊ शकत असेल, तर १२ मेगाबिटांना ०.२ सेकंद लागतो. टेकडीआडच्या घराचा संकेत क्षीण, म्हणून त्याचा वेग ६ मेगाबिट; तेवढ्याच माहितीला २ सेकंद लागतात. दूरच्या घरातला टोरंट जवळच्यापेक्षा दहापट वेळ खातो. येथे नुसते बिट मोजून न्याय होणार नाही.

यावर नेटवाल्याने काय करावे? सोपा वाटणारा मार्ग म्हणजे टोरंटची पॅकेटे ओळखून त्यांना अडवणे. अमेरिकेतल्या कॉमकास्ट या बलाढ्य कंपनीने तो चोखाळला. ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची प्रत टोरंटने उतरवून पाहिली, तेव्हा कंपनीची यंत्रे ‘संपर्क संपला’ अशी खोटी पॅकेटे मध्येच सोडत असल्याचे उघड झाले. आणि तीही पलीकडच्या संगणकाच्या नावाने! मला तर ही सरळ लबाडी वाटते. तिथल्या दळणवळण आयोगाने २००८ साली कंपनीला दोषी धरले. आयोगाला तो अधिकारच नव्हता असे न्यायालयाने २०१० साली ठरवले, पण तोपर्यंत कंपनीने पद्धत बदलली होती. भारतातही २०१८ साली सरकारने मजकूर पाहून भेदभाव करण्याला मनाई केली. रहदारीचे वाजवी नियमन मात्र करता येते.

वाजवी म्हणजे कसे? जॉन नेगल यांनी १९८५ साली सुचवले, की सगळ्यांची एकच रांग लावू नये. प्रत्येकाची वेगळी रांग ठेवावी आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडावे. १९८९ साली डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी लहानमोठ्या पॅकेटांचा विचार करून ही कल्पना नेमकी केली. आता घरामागे एक रांग ठेवून पाहा. चाळीसही घरे मागत असतील तर प्रत्येकाला २.५ मेगाबिट, मग टोरंटने ४० जोडण्या उघडोत की ४००! तीस घरे वाचनात गुंतली असतील तर उरलेल्या दहांना दहा-दहा. मध्यरात्री सगळे झोपले की टोरंटवाल्याने त्याचे साठच्या साठ घ्यावेत, कोणाचेच काही बिघडत नाही. आणि पॅकेटात काय आहे हे उघडून पाहण्याचे कारणच उरत नाही. २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यातच ‘केक’ नावाची अशी सोय आहे, त्यामुळे साधा संगणकही हे काम करू शकतो.

एक मेख मात्र आहे. रांग नेहमी अरुंद जागेच्या तोंडाशी लागते. खाली येणाऱ्या रहदारीसाठी ती जागा ठोक विकणाऱ्या कंपनीच्या यंत्रात असते, आणि तिथे आपल्या नेटवाल्याचे काही चालत नाही! म्हणून हुशार नेटवाला आपल्या यंत्राला मुद्दामच १०० ऐवजी ९५ मेगाबिटांचा बांध घालतो. पाच मेगाबिट वाया गेले खरे, पण रांग त्याच्या अंगणात आली.

देवाणघेवाणीचे प्रोग्रामही पुढे शहाणे झाले. २०१२ साली प्रमाणित झालेल्या ‘लेडबॅट’ या पद्धतीत प्रोग्राम पॅकेट गळण्याची वाट पाहत नाही. रांगेतला उशीर वाढू लागला, फार तर एकदशांश सेकंदापर्यंत गेला, की तो स्वतःच मागे सरतो.

ही रांग तुम्हाला घरी मोजता येईल. संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा द्या आणि उत्तर किती मिलिसेकंदांत येते ते लिहून ठेवा. मग एखादा मोठा व्हिडिओ वर पाठवायला लावून पुन्हा मोजा. समजा, आधी २० आणि आता ८२० आले. जादा ०.८ सेकंद म्हणजे रांगेतला मुक्काम. तुमचा वर पाठवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल तर रांगेत ०.८ गुणिले २, म्हणजे १.६ मेगाबिट आहेत. आठाने भागा : २०० किलोबाइट. ताईशी बोलताना तुमच्या आवाजाचे प्रत्येक पॅकेट एवढ्या माहितीच्या मागे उभे असते.