दारावरचा एकच प्रश्न
‘सांबा’ आज्ञावलीतील ओळख पटविण्याच्या व्यवस्थेची पुनर्रचना

एखाद्या कचेरीतील पन्नास संगणक एकाच ठिकाणी ठेवलेल्या फाइली वापरतात, तेव्हा त्या फाइली सांभाळणाऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, दिवसातून शेकडो वेळा एकच प्रश्न विचारावा लागतो : मागणारा कोण आहे? या प्रश्नाचे उत्तर चुकले, की पुढची सारी व्यवस्था फोल ठरते. पहारेकऱ्याने चोरालाच घरधनी समजून किल्ली हाती दिली, तर तो कुलपाचा दोष नव्हे. ओळख पटविण्याचे हे काम करणारी संहिता एका विख्यात आज्ञावलीत नव्याने का रचावी लागली आणि त्यातून कोणता धडा मिळतो, हे या प्रकरणात पाहू.

सांबाचा उगम

१९९१ च्या अखेरीस कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील एक संशोधक विद्यार्थी, अँड्र्यू ट्रिजेल, यांना आपल्या मेजावरील संगणकावरून युनिक्स संगणकातील फाइली सरळ वापरता याव्यात असे वाटत होते. या दोन प्रकारच्या संगणकांनी परस्परांशी कोणत्या नियमांनी बोलावे, हे त्यांना कोणी लिहून दिलेले नव्हते. तेव्हा तारेतून जाणारे संदेश न्याहाळून त्यांनी ते नियम स्वतःच उलगडले आणि त्यानुसार उत्तर देणारी आज्ञावली लिहिली. या नियमावलीला ‘एसएमबी’ म्हणतात. ही तीन अक्षरे याच क्रमाने असलेला शब्द शब्दसंग्रहात शोधण्यात आला आणि १९९४ मध्ये आज्ञावलीला ‘सांबा’ हे नाव मिळाले. तिची स्रोत-संहिता, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, सर्वांना खुली आहे. ती कोणीही वाचावी, सुधारावी आणि इतरांस द्यावी.

शब्द न उच्चारता ओळख

गडाच्या दारावर परवलीचा शब्द मोठ्याने उच्चारावा लागला, तर झाडीत दडलेल्या शत्रूलाही तो ऐकू जातो. जुन्या युनिक्स पद्धतीत असेच होत असे. परवलीचा शब्द उघडपणे सर्व्हरपर्यंत येई. सर्व्हर त्यावरून गणिताने एक ठसा तयार करी आणि आपल्या नोंदवहीतील ठशाशी तो ताडून पाही. नोंदवही चोरीस गेली तरी ठशावरून मूळ शब्द काढणे कठीण, हा या पद्धतीचा गुण. परंतु तारेवर शब्द उघडा पडतो, हा तिचा दोष.

विंडोज संगणकांची रीत निराळी होती. तेथे सर्व्हर प्रथम आठ बाइटांचा एक यादृच्छिक अंक पाठवितो. त्याला आपण आव्हान म्हणू. मागणी करणारा संगणक आपल्या परवलीच्या शब्दाच्या ठशाने ते आव्हान कूटबद्ध करून चोवीस बाइटांचे उत्तर परत पाठवितो. सर्व्हरजवळही तोच ठसा असतो. तोही तेच गणित करून पाहतो आणि दोन्ही उत्तरे जुळली की ओळख पटते. आव्हान दर वेळी नवे असल्याने ऐकलेले उत्तर पुन्हा वापरता येत नाही. १९९७ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या तिसऱ्या सुधारणा-संचापासून त्या संगणकांनी परवलीचा शब्द उघडपणे पाठविणे आपण होऊन बंद केले आणि सांबाला या रीतीचा आश्रय करणे भागच पडले.

या रीतीतून तीन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अशी, की युनिक्सचा ठसा वेगळ्या गणिताचा असल्यामुळे तो येथे निरुपयोगी ठरला. सांबाला स्वतःची दुसरी नोंदवही ठेवावी लागली. दुसरी अधिक गंभीर होती : या रीतीत ठसा हाच परवलीच्या शब्दाच्या तोडीचा ठरतो. मूळ शब्द ठाऊक नसतानाही केवळ चोरलेल्या ठशावर आत शिरता येते, हे १९९७ मध्येच, तेही सांबाच्या एका फेरफार केलेल्या प्रतीच्या साहाय्याने, दाखवून देण्यात आले. तिसरी अडचण रचनेची होती. मोठ्या संस्थांत सर्वांच्या नोंदी एका मध्यवर्ती संगणकाकडे असतात. त्याला डोमेन-नियंत्रक म्हणतात. त्याचा निर्णय घ्यावयाचा, तर आव्हान आणि उत्तर ही दोन्ही त्याच्यापर्यंत पोहोचविली पाहिजेत. आव्हान कोणी दिले, उत्तर कोणी तपासावे आणि अंतिम शब्द कोणाचा, हे सारे ठरविणारी एक निश्चित जागा असणे त्यामुळे आवश्यक झाले.

होय, नाही आणि ‘माझ्याकडे नाही’

सांबाच्या २.२ या आवृत्तीत अशी जागा नव्हती. कोणी प्रवेश मागितला की संहिता क्रमाने चौकशी करी : अन्य एखादा सर्व्हर ओळख देतो का, डोमेन-नियंत्रक देतो का, विश्वासू संगणकांच्या यादीत याचे नाव आहे का, आणि शेवटी, स्थानिक नोंदवहीतील परवलीचा शब्द जुळतो का. या प्रत्येक चौकशीचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच होते.

वरवर पाहता यात काहीच वावगे दिसत नाही. परंतु नियंत्रकाकडून ‘नाही’ येते, तेव्हा त्याचा अर्थ काय? शब्द चुकला, असा अर्थ होईल. हे खाते बंद केले आहे, असा होईल. नियंत्रकाशी संपर्कच झाला नाही, असाही होईल. संहितेला या तिन्हींत भेद करता येत नसे, म्हणून ती पुढच्या दाराकडे वळे. समजा, एका कर्मचाऱ्याला संस्थेने काढून टाकले आणि नियंत्रकावरील त्याचे खाते बंद केले. मात्र सर्व्हरच्या स्थानिक नोंदवहीतील त्याची जुनी नोंद पुसावयाची राहून गेली. अशा वेळी पहिल्या दाराने दिलेला नकार शेवटच्या दारापर्यंत पोहोचतच नाही, आणि तो मनुष्य आत येतो.

२००१ सालापासून ऑस्ट्रेलियातील विकसक अँड्र्यू बार्टलेट यांनी ही व्यवस्था नव्याने रचावयास घेतली, आणि सप्टेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.० या आवृत्तीतून ती सर्वांच्या हाती आली. नव्या रचनेत ओळख तपासण्याची प्रत्येक रीत हा एक स्वतंत्र घटक झाला : एक पाहुण्यांसाठी, एक स्थानिक नोंदवहीसाठी, एक डोमेनसाठी, याप्रमाणे. आव्हान मिळविण्याचे आणि उत्तर तपासून घेण्याचे काम एकाच मध्यवर्ती भागाकडे आले. तो भाग घटकांना क्रमाने विचारतो. निर्णय मात्र त्याच्याच मार्फत बाहेर पडतो.

या रचनेचा गाभा तिसऱ्या उत्तरात आहे. घटक ‘होय’ म्हणू शकतो, कारणासह ‘नाही’ म्हणू शकतो, किंवा ‘ही बाब माझ्याकडे नाही’ असे सांगू शकतो. केवळ या तिसऱ्या उत्तरावरच पुढच्या घटकाला विचारले जाते. खऱ्या नकारापाशी चौकशी थांबते. कोणत्याच घटकाने बाब आपली म्हटली नाही, तर असा वापरकर्ताच नाही, असे उत्तर दिले जाते. मौनाचा अर्थ संमती असा लावावयाचा नाही, हा या व्यवस्थेचा मूलभूत दंडक होय. शिवाय ‘होय’ म्हणणाऱ्या घटकाने त्या व्यक्तीचे ओळख-क्रमांक, तिचे गट आणि त्या भेटीपुरती गुप्त किल्ली अशी पूर्ण माहितीही द्यावयाची असते. पुढील कामासाठी पुन्हा कोणी तिचे नाव विचारू नये, हा त्यामागील हेतू.

नाव आणि व्यक्ती

एवढ्याने प्रश्न संपला असे मात्र नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सांबाच्या विकसकांनी एक गंभीर उणीव उघड करून तिची दुरुस्ती प्रसिद्ध केली. डोमेनमध्ये ओळख पटवून आलेल्या व्यक्तीचे स्थानिक खाते शोधताना सांबा प्रथम डोमेनसह पूर्ण नाव पाहत असे. ते न सापडल्यास नुसते नाव पाहत असे. दुसरीकडे, ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या डोमेन-व्यवस्थेत सामान्य वापरकर्त्यालाही, वेगळी व्यवस्था केली नसल्यास, दहापर्यंत संगणक-खाती उघडता येतात. त्याने अशा खात्याला ‘रूट’ हे नाव मिळवून दिले तर काय होईल? युनिक्समध्ये रूट म्हणजे सर्वाधिकारी. डोमेनने ‘हा रूट आहे’ असे प्रामाणिकपणे सांगितले आणि सर्व्हरने त्याला आपलाच रूट मानले. कोणी खोटे बोलले नव्हते. केवळ एकाच नावाची दोन माणसे होती.

दुरुस्तीत केवळ नावावर विसंबण्याची ही वाट बंद करण्यात आली आणि डोमेनच्या वापरकर्त्याचा स्थानिक क्रमांक सामान्यतः १००० हून कमी असता कामा नये, असा निर्बंध घालण्यात आला. रूटचा क्रमांक शून्य असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्बंधाचे मर्म कळते. व्यक्ती ओळखावी ती क्रमांकावरून; नाव हे केवळ तिला हाक मारण्यासाठी.

या इतिहासातून वाचकाने एवढेच लक्षात ठेवावे. कोणतीही संस्था, मग ती यंत्रांची असो वा माणसांची, अनेक दारांवर अनेकांना प्रश्न विचारू देते, तेव्हा नकाराचे मोल कमी होते. प्रश्न एका जागी विचारावा. ‘नाही’ आणि ‘मला ठाऊक नाही’ यांत भेद करावा. आणि एकदा पटलेली ओळख पुढे नेताना ती व्यक्ती बदलत तर नाही ना, हे पाहावे. सांबाच्या विकसकांना हे शिकण्यास दोन दशके लागली. त्यांची संहिता खुली असल्यामुळे त्यांच्या चुकाही सर्वांसमोर घडल्या, आणि म्हणूनच त्या इतरांच्या उपयोगी पडल्या.