मल्टिमीडिया आणि नेटवर्क : घोकू नका, हिशोब करा!



मल्टिमीडिया सिस्टिम्स आणि कम्युनिकेशन नेटवर्क्स म्हणजे पेपरच्या आदल्या रात्री झेरॉक्स नोट्सवर मारून न्यायचा विषय, असा आपल्या होस्टेलमध्ये एक गोड समज आहे. सात लेयर्सची नावे पाठ, जेपीईजीचा ब्लॉक डायग्राम पाठ, झाला पेपर! पण व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी "हा ब्लॉक इथं कशाला टाकला?" असं विचारलं की भले भले पोट्टे छताकडे पाहू लागतात. म्हणून हा लेख.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले आणि १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्याशी तातडीने बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी आश्रमात टेलिफोन बसवून घेतला. तो आजही तिथे पाहायला मिळतो. त्या काळच्या टेलिफोनचे तत्त्व म्हणजे सर्किट स्विचिंग. कॉल लागला की दोन टोकांमधला पूर्ण मार्ग त्या दोघांसाठी राखीव. कुणी बोलो अथवा गप्प बसो, मार्ग अडलेलाच! आजचे नेटवर्क पॅकेट स्विचिंगवर चालते. तारा सगळ्यांच्या सामाईक, आणि ज्याचे पॅकेट आले त्याला जागा. मेसच्या रांगेसारखेच म्हणा ना. रांग लांबली की उशीर होतो आणि ताटे संपली की पॅकेट गळते. या विषयातली निम्मी डोकेदुखी या एका फरकातून निघते.

आता पहिला हिशोब. टेलिफोनवरचा आवाज साधारण ३४०० हर्ट्झपर्यंत असतो. नायक्विस्टच्या नियमाने सॅम्पलिंग दुपटीहून अधिक हवे, म्हणून सेकंदाला ८००० सॅम्पल. प्रत्येकी ८ बिट धरले की झाले ६४ केबीपीएस. आता ६४० बाय ४८० चा साधा व्हिडिओ घ्या. एका पिक्सेलला २४ बिट, सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार करा : १८ कोटी ४३ लाख बिट दर सेकंदाला, म्हणजे १८४ एमबीपीएस! एवढा डेटा मोबाइलवर कसा येणार? इथे कॉम्प्रेशन का लागते ते आपोआप कळते. दोन लागोपाठच्या फ्रेम बहुतेक सारख्याच असतात, म्हणून एमपीईजी फक्त बदल पाठवते. डोळ्याला बारीक तपशील कमी जाणवतो, म्हणून जेपीईजी ८ बाय ८ च्या ठोकळ्यात डीसीटी करून तो तपशील क्वांटायझेशनमध्ये गाळून टाकते.

पण काय गाळायचे, हा प्रश्न केवळ मार्कांचा नाही. समजा, आडगावच्या दवाखान्यातून छातीचा एक्स-रे आपल्या कस्तुरबा हॉस्पिटलसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचा आहे. २००० बाय २५०० पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे १ कोटी बाइट. २ एमबीपीएसच्या लाइनवर ४० सेकंद लागतील. घाई म्हणून जेपीईजीने खूप दाबला, तर सगळ्यात आधी बारीक रेषा पुसल्या जातात. आणि बरगडीची केसाएवढी चीर ही बारीक रेषाच असते! सिनेमात जे गाळलेले चालते, ते इथे पेशंटला महागात पडू शकते. म्हणून अशा ठिकाणी लॉसलेस पद्धत बरी. फाइल साधारण निम्मी किंवा तिसरा हिस्साच होईल, पण एकही बिट हरवणार नाही.

टीसीपी की यूडीपी, हाही असाच प्रश्न. एक्स-रेचे पॅकेट हरवले तर परत मागवलेच पाहिजे, तिथे टीसीपी. डॉक्टरांशी बोलणे चालू असताना मात्र २० मिलिसेकंदांचे एखादे पॅकेट हरवले तर कानाला फारसे कळतही नाही. तेच परत मागवत बसलो तर मागचा शब्द पुढे आणि पुढचा रांगेत, असा घोळ होईल. म्हणून बोलण्यासाठी सहसा यूडीपी आणि त्यावर आरटीपी.

अजून एक ठरलेली चूक म्हणजे बँडविड्थ आणि डिले एकच समजणे. इस्रोने २००४ साली शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला. असे भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. सिग्नल वर जाऊन खाली यायचा म्हणजे ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद जातोच! विद्यार्थ्याने प्रश्न विचारून सरांचे उत्तर ऐकेपर्यंत अर्धा सेकंद नुसता प्रवासात. लाइन कितीही महागडी घ्या, हा उशीर कमी होत नाही.

मग अभ्यास कसा करायचा? तीन गोष्टी करून पाहा.

१) प्रत्येक धड्यातला एक तरी आकडा स्वतः गुणाकार करून काढा. आयता लिहून घेऊ नका.

२) रात्री अकराला, सगळे होस्टेल डाउनलोडला बसलेले असताना, पिंग चालवा आणि पहाटे पाचला पुन्हा चालवा. उशिराचे आकडे किती वरखाली होतात ते वहीत मांडा. जिटर म्हणतात तो हाच. त्याच्यावर उपाय म्हणून रिसीव्हरला बफर का ठेवतात, हे मग सांगावे लागत नाही.

३) वायरशार्कमध्ये आपल्याच कॉलची पॅकेट पकडून पाहा. (दुसऱ्याची नाही, हं!) ६४ केबीपीएसचा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यात १६० बाइट होतो, आणि त्यावर आरटीपी, यूडीपी व आयपीचे मिळून ४० बाइट हेडर. म्हणजे आवाज ६४ चा, लाइनवर ८० केबीपीएस!

एवढे केले तर पेपर जाईलच. पण उद्या खरोखर एखाद्या दवाखान्याचे किंवा शाळेचे नेटवर्क उभारायची वेळ आली, तर काय गाळायचे, काय जपायचे आणि कशाला थांबायचे, हे तुम्हाला ठरवता येईल. इंजिनिअर म्हणून आपले खरे काम तेच. तर मग, आज रात्रीच पिंग लावा!