मुलांच्या हाती वेळेची रोजकीर्द

जून महिन्यात शाळा उघडल्या, की ज्या घरात दहावीचा विद्यार्थी असेल त्या घराच्या भिंतीवर एक वेळापत्रक झळकू लागते. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचा चोख बंदोबस्त त्यात केलेला असतो. गणिताला तांबडी शाई, विज्ञानाला निळी, आणि खेळाला, वडील फारच उदार असतील तर, सायंकाळचा अर्धा तास. हा मसुदा बहुधा वडीलधाऱ्यांच्याच हातचा असतो. त्याला मुलाची संमती घेतली जाते ती निरक्षर कुळाने सावकाराच्या खतावर अंगठा उमटवावा तशी. आणि गणपती येईपर्यंत कागद भिंतीवर शाबूत राहिला तरी त्याचा अंमल केव्हाच संपुष्टात आलेला असतो. मग "मुलगा हुशार आहे हो, पण त्याला वेळेचे भान नाही," अशी तक्रार घेऊन पालक मार्गदर्शकाकडे येतात.

तक्रार खरी आहे, परंतु तिचे मूळ आळसात शोधणे हा मुलावर अन्याय आहे. भूमितीच्या एका सरावसंचाला आपल्याला नेमका किती वेळ लागतो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने दिवसाची आखणी कोणत्या आधारावर करावी? हे अज्ञान पंधरा वर्षांच्या मुलांपुरतेच आहे असे मात्र कोणी समजू नये. मनुष्य आपल्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, या प्रवृत्तीकडे डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली लक्ष वेधले होते. आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांच्या अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अदमास सांगितला असता प्रत्यक्षात त्यांना सरासरी ५५ दिवसांहून अधिक काळ लागल्याचे आढळले. पदवीच्या उंबरठ्यावरच्यांची ही कथा, तर नववीतल्या मुलाला दोष काय द्यावा?

म्हणून वेळापत्रकाच्या आधी रोजकीर्द. साधी शंभर पानी वही घ्यावी आणि आठवडाभर मुलाने स्वतःच्या हाताने, काय करायला हवे होते ते बाजूला ठेवून, काय घडले तेवढेच लिहावे. अशा वहीचे एखादे पान प्रामाणिक असेल तर साधारण असे दिसते: सात ते सात-दहा, कंपासपेटीचा शोध, सात-दहा ते सात-पस्तीस, समरूपतेची दोन उदाहरणे, सात-पस्तीस ते आठ-पाच, तिसरे उदाहरण अडले म्हणून मित्राला फोन, आणि फोन हातात आलाच आहे म्हणून पुढचे सर्व. या तपशिलाने जे काम होते ते कोणत्याही उपदेशाने होत नाही, कारण येथे साक्षीदार आणि न्यायाधीश दोन्ही मुलगाच असतो. अट एकच, आणि ती कडक आहे: या वहीवर पालकांनी शेरा मारायचा नाही. शेरा पडला की दुसऱ्या दिवसापासून खोट्या नोंदी सुरू होतात, हे सरकारी दप्तराचा ज्यांना अनुभव आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक कामापुढे दोन रकाने आखावेत, काम सुरू करण्यापूर्वी 'अंदाज' आणि संपल्यावर 'प्रत्यक्ष'. या दोहोंतील अंतर हळूहळू कमी होत जाणे, हेच माझ्या मते वेळेचे शिक्षण.

या शिक्षणाची पहिली कसोटी मंडळाच्या परीक्षेतच लागते. मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची आणि वेळ तीन तासांचा. म्हणजे एका गुणाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटे. पहिल्या गद्य विभागाला १८ गुण आहेत, तेव्हा त्याचा न्याय्य हिस्सा सुमारे चाळीस मिनिटांचा. परंतु सालस विद्यार्थी आकलनाच्या कृतींच्या चौकटी पट्टीने आखत बसतो, स्वमत दीड पानावर नेतो, आणि तास उलटतो तरी पद्याला हात लागलेला नसतो. शेवटी असलेल्या उपयोजित लेखनाला तब्बल २४ गुण, म्हणजे चौपन्न मिनिटे. त्यातील आठ गुणांच्या निबंधाला अठरा मिनिटे मिळायला हवीत, आणि नेमका हाच निबंध घंटेच्या भीतीने अर्धवट सुटतो. भूमितीच्या ४० गुणांना दोन तास, तेथे गुणाला तीन मिनिटे पडतात. मंडळाने २०२३ पासून अखेरीस दहा मिनिटे वाढवून दिली आहेत, ती उत्तरपत्रिका पुन्हा नजरेखालून घालण्यासाठी राखावीत. घरी सराव करताना संपूर्ण कृतिपत्रिका दर वेळी सोडवण्याची गरज नाही. घड्याळ समोर ठेवून अठरा मिनिटांत एक निबंध, एवढे आठवड्यातून दोनदा केले तरी हात सरावतो.

पुढच्या वाटांवर हा हिशेब अधिकच निष्ठुर होतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेत गणिताच्या १२० प्रश्नांना १५० मिनिटे मिळतात, वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'मध्ये १८० प्रश्नांना १८०. तेथे कोणता प्रश्न सोडून पुढे जावे हे ज्ञानाइतकेच महत्त्वाचे ठरते, आणि ही सवय बारावीनंतरच्या शिकवणीत विकत घेता येईल असा भरवसा कोणी धरू नये.

झोपेला मात्र या हिशेबात हात लावू नये. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची निद्रा आवश्यक आहे, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली नमूद केले. पहाटे पाचचा गजर आणि रात्री अकरापर्यंतची शिकवणी हे दोन्ही एकाच घरात नांदत असतील, तर दोहोंपैकी एक रद्द करावे.

पालकांना माझी विनंती इतकीच, की दररोजचा तगादा सोडून शनिवारी सायंकाळी पंधरा मिनिटे मुलाजवळ बसावे, त्याने आपण होऊन दाखवले तरच वही पाहावी, आणि पुढील आठवड्याची आखणी त्याच्याच हाताने होऊ द्यावी, मग ती आपल्याला कितीही सैल वाटो. पहिले दोन महिने ही मुखत्यारी सोपवणे जड जाईल. हा उद्योग नववीच्या जूनमध्ये सुरू करावा. दहावीच्या जानेवारीत, सराव परीक्षा दाराशी आल्यावर, ही वही मुलाच्या हाती देऊ नये.