यवतच्या डासाने काय सांगितले?

चिकुनगुन्या हे नाव आपल्याकडचे नव्हे. टांझानियात १९५२ साली ही साथ उद्भवली, तेव्हा ते तेथील माकोंडे भाषेतून घेतले गेले. सांधे धरून वाकून जाणे, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्रात १९७३ साली बार्शीला याची मोठी साथ आली. पुढे सुमारे तीस वर्षे सारे शांत होते. विषाणू नाहीसाच झाला असे वाटत असताना २००५ च्या अखेरीस तो उसळला. २००६ या एका वर्षात देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. हा बार्शीचाच जुना विषाणू होता, की नवा पाहुणा?

तापावरून हे कळत नाही. या विषाणूत आर.एन.ए.ची एक साखळी असते. तीत चार प्रकारची सुमारे ११,८०० ‘अक्षरे’ ओळीने ओवलेली असतात. स्वतःच्या प्रती काढताना विषाणू मधूनमधून चुकतो आणि ती चूक पुढच्या प्रतींत उतरते. दोन वह्यांत एकच विचित्र चूक दिसली की गृहपाठ कोणी कोणाचा उतरवला, हे गुरुजी ओळखतात ना? तसेच हे.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जुने नमुने जपून ठेवलेले होते. त्यांची अक्षरे वाचली तेव्हा १९६३ चा कोलकात्याचा आणि १९७३ चा बार्शीचा विषाणू आशियाई गटातला निघाला, तर २००६ चा आफ्रिकी गटातला. म्हणजे पाहुणा नवाच! पण खरी गंमत पुढेच आहे. पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून मिळालेला विषाणूही आफ्रिकी गटाचाच होता. साथीच्या पाच वर्षे आधी हा गट महाराष्ट्रात शिरलेला होता, आणि त्याची कोणाला दाद नव्हती. यवतचा विषाणू साथीतल्या विषाणूचा थेट पूर्वज होता, असे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

आता थोडे गणित करू. चिकुनगुन्याच्या साखळीत वर्षाला सरासरी सुमारे ६ अक्षरे बदलतात. समजा, एकाच आठवड्यात महाडच्या एका रुग्णाचा आणि पोलादपूरच्या एका रुग्णाचा नमुना घेतला. फरक दोन-तीन अक्षरांचाच असेल, तर दोन्ही एकाच ताज्या मालिकेतले. एडिस डास काही शे मीटरच उडतो. तेव्हा विषाणू गेला असेल तो एस.टी.त बसलेल्या माणसाच्या रक्तातून. पण फरक ६० अक्षरांचा निघाला तर? घाईने ६० ला ६ ने भागू नका. दोन्ही शाखा बदलत आल्या आहेत. प्रत्येकीच्या वाट्याला ३०. म्हणजे त्या ५ वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या.

ही पाच वर्षे विषाणू सावित्रीच्या खोऱ्यातच गुपचूप फिरत होता काय? तेही एवढ्यावरून सांगता येणार नाही. मुंबई, पुणे, गोवा येथील नमुने शेजारी ठेवून पाहावे लागतील. दोघांचे जवळचे नातलग मुंबईत सापडले, तर दोन पाहुणे महामार्गाने निरनिराळे आले. फक्त खोऱ्यातल्याच जुन्या नमुन्यांत सापडले, तर मुक्काम इथलाच.

यासाठी रक्त तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत घेऊन थंड ठेवावे लागते. पुढे रक्तात विषाणू सहसा सापडत नाही, प्रतिपिंडे उरतात. त्यांवरून लागण झाली होती एवढे कळते. विषाणू कोठून आला, ते कळत नाही.