ज्ञानकोशात जागा कोणाला?

अमेरिकेतील महाविद्यालयांत ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे विद्यार्थ्यांचे बंधुसंघ असतात. ग्रीक अक्षरांचे नाव, दीक्षाविधी, काही गुप्त संकेत आणि बहुधा एकत्र राहण्याचे घर, अशी त्यांची सर्वसाधारण ठेवण. १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कॅपा’ ही ग्रीक अक्षरांची पहिली संस्था निघाली. पुढे अनेक संघांच्या शाखा देशभर पसरल्या. काही मात्र एकाच महाविद्यालयापुरते राहिले. अशा लहान, स्थानिक संघाची स्वतंत्र नोंद ज्ञानकोशात असावी काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण नोंद घेण्याजोगे म्हणजे काय, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

छापील कोशाला पानांची मर्यादा असे. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाला ती नाही. मग सर्वांनाच जागा का देऊ नये? कारण अडचण कागदाची नसून पडताळणीची आहे. संघाविषयी केवळ संघाचेच लोक सांगत असतील, तर नोंद आणि जाहिरात यांत फरक तो काय राहिला? म्हणूनच त्रयस्थ व विश्वसनीय लेखकांनी त्या विषयाची पुरेशी दखल घेतलेली असावी, अशी कसोटी विकिपीडियाने मानली आहे.

ही कसोटी लहान-मोठेपणाची नव्हे, हे ध्यानात घ्यावे. येल विद्यापीठातील ‘स्कल अँड बोन्स’ ही १८३२ची गुप्त संस्था एकाच विद्यापीठापुरती आहे. दरवर्षी जेमतेम पंधरा सभासद निवडते. परंतु टाफ्ट आणि बुश पितापुत्र असे तीन राष्ट्राध्यक्ष तिचे सभासद होते आणि बाहेरच्यांनी तिच्यावर भरपूर लिहिले आहे. तिची नोंद कोण नाकारील?

आता दुसरे उदाहरण पाहू. आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली शिक्षणासाठी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला त्याच विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘आल्फा फाय आल्फा’ हा संघ स्थापला. गोऱ्यांच्या संघांत त्यांना प्रवेश नव्हता. एकाकीपणात एकमेकांचा आधार हवा होता. त्या दिवशी एखाद्या कोशकाराने या सात जणांची नोंद घेतली असती काय? नसतीच, आणि त्यात त्याची चूकही नसती. भविष्याचे अंदाज बांधणे हे कोशाचे काम नव्हे. पुढे थर्गुड मार्शल व मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखी माणसे या संघात आली आणि नोंद आपोआप योग्य ठरली.

परंतु १९०६ची हकीकत आज आपल्याला कशी कळते? संघाचे सभासद व इतिहासकार चार्ल्स वेस्ली यांनी १९२९ साली संघाचा इतिहास ग्रथित केला, म्हणून. घरच्या माणसाने लिहिलेला इतिहास एवढ्यावरच कोशात जागा मिळू नये, हे खरे. पण घरच्यांनी काहीच लिहून ठेवले नाही, तर उद्या त्रयस्थ अभ्यासकाने तरी कशाच्या आधारे लिहावे? विल्यम बेअर्ड यांनी १८७९ साली अमेरिकन बंधुसंघांचा स्वतंत्र संदर्भग्रंथ काढला, तो हीच गरज ओळखून. सर्वसाधारण कोशात न मावणाऱ्या माहितीला विशेष ग्रंथात घर मिळते.

तात्पर्य, लहान संघाला त्रयस्थ पुराव्यावाचून कोशात जागा नसावी. पण जागा नाही म्हणजे किंमत नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

मित्रहो, हा विचार आपल्यालाही लागू पडतो. आपले वाङ्मय मंडळ, नाट्यमंडळ, भित्तिपत्रक चालविणारा चौघांचा गट यांना कोणताही कोश आज विचारणार नाही. त्याची खंत नको. पण मंडळ केव्हा निघाले, कोणी काढले, का बंद पडले, एवढे तरी आपण वार्षिकात तारीखवार लिहून ठेवतो का? कोशात जागा देणे आपल्या हाती नाही. पुरावा मागे ठेवणे मात्र आहे.